मांडीच्या मापाचा पट्टा

पिर्गोस, तिनोस
१४ सप्टेंबर २००३

अर्गिरिस भाऊजी,

पाकिटावरचा तिनोसचा शिक्का बघून हे लाम्ब्रोसचं पत्र समजू नका. मी आनेझिना लिहितेय, तुमची वहिनी. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुमचा पत्ता मला सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात सापडला. तुमच्या फोन नंबरचा कागदही पूर्वी त्यातच असायचा, पण तो लाम्ब्रोसनं त्याच दिवशी फाडून चुलीत घातला. कुठल्या दिवशी, ते तुम्हाला सांगायला नको.

मला जेवढं माहीत आहे ते एवढंच. सासूबाई आजारी होत्या. तुम्ही फोनवर "निघालो, निघालो" म्हणत राहिलात. त्या गेल्या, आणि तुम्ही आला नाहीत. मग लाम्ब्रोस फोनवर जे बोलला ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. त्यानंतर त्याला काही विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि तुम्हाला विचारायला तुम्ही जवळ नव्हता. आमच्या लग्नात तुम्ही सगळ्यांत जास्त नाचलात आणि दुसऱ्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेलात. मला तर तुमचा आवाजसुद्धा फक्त फोनवरचाच आठवतो.

सांगायचं ते वेगळंच आहे. जूनमध्ये लाम्ब्रोस पडला. पुढच्या ईस्टरनंतर, आपल्या रीतीप्रमाणे, सासूबाईंना मातीतून वर काढायचं आहे. त्यांची हाडं धुऊन ठेवायला संगमरवराची पेटी लागणार. ती लाम्ब्रोसच करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. त्या पेटीचा दगड अंगणात उतरवून घेताना त्याचा पाय दगडाच्या भुकटीवरून सटकला आणि तो उजव्या तळव्यावर आपटला. "मुरगळलंय" म्हणाला. राकीच्या दारूत भिजवलेलं फडकं बांधून पंधरवडाभर छिन्नी चालवत राहिला. मग एक दिवस पाण्याचा पेला हातातून पडला, तेव्हा कुठे सिरोस बेटावरच्या डॉक्टरकडे जायला तयार झाला.

मनगटातलं हाड मोडलंय म्हणाले. बदामाएवढं हाड, नावेच्या आकाराचं. त्याला रक्त एकाच बाजूनं मिळतं, त्यामुळे ते सांधायला फार वेळ घेतं. अंगठ्यासकट प्लास्टर घातलं, काढलं, पुन्हा घातलं. फोटोत अजून फट दिसतेच आहे. डॉक्टर रूसोस म्हणतात, असंच राहिलं तर अथेन्सला जाऊन कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवावा लागेल, वर स्क्रू. मग मनगट पहिल्यासारखं वळेल का, असं मी विचारलं. "दार उघडायला, जेवायला पुरेल," असं म्हणाले. परतीच्या बोटीत लाम्ब्रोस डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकवून बघत होता.

तुम्ही काही करावं म्हणून लिहितेय असं नाही. तुम्हाला कळायला हवं, एवढंच. की मलाच कुणाला तरी सांगायचं होतं? आमच्या घरात हल्ली "मीठ दे" पलीकडे बोलणं होत नाही. पत्र टाकू की नको, ते उद्या ठरवेन.

आनेझिना


पिर्गोस
६ नोव्हेंबर २००३

अर्गिरिस भाऊजी,

खोकं पोचलं. टपालवाला आमच्या घरापर्यंत चढत नाही, कोस्मासच्या कॉफीच्या दुकानात ठेवून जातो. त्यामुळे मला कळायच्या आधी ते अख्ख्या गावानं हलवून पाहिलं होतं. यंत्र, मलमाची नळी, पट्टा आणि इंग्रजी पुस्तक, सगळं नीट आहे. चिठ्ठी मात्र नव्हती. मी खोक्याचा पुठ्ठासुद्धा उलगडून पाहिला. भाऊजी, दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

लाम्ब्रोसनं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं.

"याला कुणी सांगितलं?"

"मी."

"बरं."

त्याचं "बरं" तुम्हाला माहीत असेल. दोन दिवस ते खोकं टेबलावर तसंच होतं आणि आम्ही त्याच्या कडेनं जेवत होतो. तिसऱ्या दिवशी सिरोसची तारीख होती. मी खोकं पिशवीत घातलं. त्यानं पाहिलं आणि काही बोलला नाही, म्हणून मी ते बरोबर नेलं.

डॉक्टर रूसोसनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. असल्या यंत्राबद्दल वाचलंय, पण हातात पहिल्यांदाच घेतोय म्हणाले. गरोदर बाईच्या पोटावर फिरवतात त्याच जातीच्या ध्वनिलहरी, फक्त फार मंद. रोज वीस मिनिटं मोडलेल्या जागेवर लावून बसायचं. हाडाला म्हणे त्यानं चेव येतो.

"उपयोग होतो?" मी विचारलं.

"काही जण म्हणतात होतो. काही जण म्हणतात, हाड आपलं आपण सांधतं आणि श्रेय यंत्राला मिळतं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, तोटा नाही."

"तोटा नाही, असं तर आमचा पाद्रीही म्हणतो," लाम्ब्रोस म्हणाला. डॉक्टर हसले आणि त्यांनी प्लास्टरला खिडकी पाडली, नाण्याएवढी. लाम्ब्रोसचा हात त्यांनी टेबलावर धरून ठेवला होता, नाहीतर तो तेव्हाच उठून गेला असता.

आता रोज दुपारी जेवण झालं की तो खिडकीत मलम घालतो, त्यावर यंत्राची टिकली ठेवतो, मी पट्टा आवळते आणि तो भिंतीकडे तोंड करून बसतो. काही होत नाही. आवाज नाही, ऊब नाही, गुदगुलीसुद्धा नाही. वेळ संपला की यंत्र चिमणीसारखं एकदा ओरडतं, बस. पहिल्या दिवशी लाम्ब्रोस म्हणाला, "दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताला लागत नाही. हे यंत्र आहे की पवित्र आत्मा?" मी छातीवर क्रूस केला. शेजारच्या मातिनानं ते आपल्या गुडघ्याला लावून पाहिलं आणि लगेच बरं वाटलं म्हणाली. तिला कशानंही बरं वाटतं.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. पट्टा फार लांब आहे. मनगटाला चार वेढे देऊनही टोक लोंबतं. डॉक्टर म्हणाले, "हा मांडीचा पट्टा आहे. आणि यंत्र नवं नाही, कुणीतरी पुष्कळ वापरलंय." लाम्ब्रोस म्हणाला, "जुनं उचललं असेल कुठून तरी स्वस्तात. तो तसाच आहे." घरी आल्यावर पट्टा नीट पाहिला. कडेला उसवलाय आणि काळ्या जाड दोऱ्यानं शिवलाय. उलटसुलट टाके, मध्ये गाठ. इथले पाथरवट हत्यारांच्या पिशव्या शिवतात तसेच. तसे टाके दुसरं कुणी घालताना मी पाहिलेलं नाही.

भाऊजी, ही मांडी कुणाची?

आनेझिना


पिर्गोस
९ डिसेंबर २००३

अर्गिरिस भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. कोस्मासच्या दुकानाबाहेर उभ्या उभ्या वाचलं, मग चर्चच्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

म्हणजे सासूबाई शेवटच्या फोनवर "बाळा, कपडे भरलेस का?" असं विचारत होत्या, आणि तुम्ही दवाखान्यात पाय टांगून घेऊन "भरतोय, आई, भरतोय" म्हणत होता. कुणाच्या तरी स्वयंपाकघरासाठी कापलेली लादी तुमच्या मांडीवर पडली होती. आईला मरताना तुमचा घोर नको म्हणून सांगितलं नाहीत, ते मला कळलं. पण नंतर? तुम्ही लिहिता, "लाम्ब्रोस फोनवर जे बोलला, त्यावर मांडी मोडल्याचं सांगणं म्हणजे सबब दिल्यासारखं झालं असतं." लिहिता, हाड दीड वर्ष सांधलं नाही, पाय आखूड झाला, काठी घेऊन गावात यायची लाज वाटते. शेवटी लिहिता, "वहिनी, यातलं काही त्याला सांगू नका."

मग मला कशाला सांगितलंत? मी विचारलं म्हणून? आता मी काय करू? रोज दुपारी त्याला पट्टा बांधताना माझं लक्ष त्या टाक्यांकडेच जाईल. तो मला म्हणेल, "आवळ जरा." मी काय म्हणू?

आज बांधला. काही बोलले नाही. उद्याचं मला माहीत नाही.

आनेझिना


पिर्गोस
२९ डिसेंबर २००३

अर्गिरिस भाऊजी,

मी सांगितलं. रागवायचं असेल तर रागवा.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पट्टा बांधत होते आणि तो म्हणाला, "जुन्या बाजारातला माल, बघ कसा उसवलाय." माझ्या तोंडून निघून गेलं, "हा तुझ्या भावाच्या मांडीवरचा आहे." मग सगळंच सांगावं लागलं. तुमचं पत्रही दिलं. तो डाव्या हातात धरून वाचत होता आणि यंत्र चालू होतं, त्यामुळे त्याला उठताही येईना.

मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं होतं तो रडेल. निदान खिडकीपाशी जाऊन उभा राहील. तुमच्या ऑस्ट्रेलियात माणसं अशा वेळी काय करतात? यंत्र ओरडलं, त्यानं पट्टा सोडला, टेबलावर आपटला आणि ओरडला, "तीन वर्षं! तीन वर्षं मला शिव्या घालू दिल्या त्यानं!"

"अरे, पण तो बिचारा..."

"बिचारा? एक शब्द बोलला असता तर मी विमानात बसून गेलो असतो! आयुष्यात विमानात बसलो नाही, पण गेलो असतो! तो गप्प बसला. तो झाला साधू, आणि मी कोण झालो? पाय मोडलेल्या भावाला कुत्रं म्हणणारा! आता हे यंत्र पाठवतो. म्हणजे मी आयुष्यभर त्याच्या उपकारात!"

"उपकार कुठे म्हणाला तो? त्यानं तर चिठ्ठीसुद्धा घातली नाही."

"तेच! चिठ्ठीसुद्धा घातली नाही!"

चिठ्ठी घातली असती तरी तो चिडला असता, आणि घातली नाही म्हणूनही चिडला. त्यानं यंत्र उचलून तेलाच्या बरण्यांच्या कपाटात ढकललं, कोट एका खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. टोपी राहिली. टोपी द्यायच्या निमित्तानं मी मागे गेले.

तो सरळ कोस्मासच्या दुकानात शिरला. मी दारात थांबले. आत सोंगट्यांचा डाव चालू होता. लाम्ब्रोस मधोमध उभा राहिला आणि भांडायला आल्यासारखा म्हणाला, "ऐका रे. माझ्या भावाची मांडी मोडली होती. आई गेली तेव्हा. दवाखान्यात पडून होता, म्हणून आला नाही. मी त्याच्याबद्दल इथे जे जे बोललो होतो ते... ऐकलंत ना? झालं."

कुणी वर पाहिलं नाही. कोस्मास पेले पुसत होता. म्हणाला, "बस, लाम्ब्रोस. कॉफी टाकतो."

"कॉफी नको. ऐकलंस की नाही?"

"ऐकलं. आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मांडीचं. माझी मेव्हणी नाही का मेलबर्नला? तिनं तेव्हाच कळवलं होतं."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"तेव्हाच म्हणजे तेव्हाच. तुझ्या आईचे चाळीस दिवस व्हायच्या आत."

लाम्ब्रोसनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सोंगट्या खेळणारे दोघेही फाशांकडे बघत बसले होते.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू सांगू दिलंस?" कोस्मासनं पेला ठेवला. "अर्गिरिसचा 'अ' काढला की खुर्ची ढकलून निघून जायचास. दोनदा तर कॉफीचे पैसे न देता गेलास."

मागून कुणीतरी हसलं. मला वाटलं, आता हा टेबल उलथवणार. पण तो खुर्चीत बसला. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्या नाण्याएवढ्या खिडकीत बघत राहिला. मग म्हणाला, "टाक कॉफी. गोड नको."

मी टोपी दारातल्या खिळ्याला अडकवून परत आले.

तो घरी आला तेव्हा त्यानं मला एकच विचारलं, "तुला माहीत होतं?" नाही म्हणाले. खरंच नव्हतं, भाऊजी. दुसऱ्या दिवशी मातिनाला विचारलं, तर तिलाही माहीत होतं. "मला वाटलं तुला ठाऊकच असणार," म्हणाली. सव्वीस वर्षं झाली मला या गावात. या लोकांच्या लग्नात स्वयंपाकाला मी, मयताला मी, ईस्टरला माझ्या ओव्हनमध्ये अर्ध्या गल्लीची कोकरं. आणि अख्ख्या गावाला जे माहीत होतं ते मला नाही. मी कॅथलिकांच्या गावातून आलेली आणि हे ऑर्थोडॉक्स, म्हणून? की लाम्ब्रोसची बायको म्हणून? मला कशाचं जास्त वाईट वाटतंय तेही समजत नाहीये. तुमचं, त्याचं, की माझं.

यंत्र कपाटात आहे. तो म्हणतो, "त्याचं आहे, त्याला परत पाठव." मी पाठवलेलं नाही.

आनेझिना


पिर्गोस
१७ फेब्रुवारी २००४

अर्गिरिस भाऊजी,

तुम्ही विचारलंत हात कसा आहे. मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाच सांगता येत नाही तर मी काय सांगू?

जानेवारीत सिरोसला नवा फोटो काढला. डॉक्टर रूसोसनी तो उजेडाला धरला आणि म्हणाले, "इथे बघा, धुकट दिसतंय ना? सुरुवात आहे." मला सगळंच धुकट दिसत होतं. तोच फोटो आम्ही अथेन्सच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी कळवलं, सांधलेलं नाही, वाट बघण्यात अर्थ नाही, मार्चमध्ये या. फोटो एकच, हाड एकच. मी डॉक्टर रूसोसना फोन करून म्हटलं, तुमच्यातलं खरं कोण? ते म्हणाले, "बाई, त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. पण धुकं मला दिसतंय."

लाम्ब्रोस म्हणतो, "दोघांना एका खोलीत कोंडा. जो जिवंत बाहेर येईल त्याचं ऐकू."

तो यंत्र वापरत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. पण मागच्या आठवड्यात कपाटातून तेल काढताना पाहिलं, तर मलमाची नळी टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळलेली. मी नळी कधी गुंडाळत नाही, मधूनच दाबते, त्यावरून तो सव्वीस वर्षं माझ्यावर ओरडत आलाय. आधी मला मातिनाचा संशय आला, तिच्या गुडघ्यामुळे. तिला विचारलं तर ती रुसली. मग एकदा दुपारी कपडे वाळत घालताना त्याच्या दगडकामाच्या कारखान्याच्या बंद दारामागून ते चिमणीसारखं ओरडणं ऐकू आलं. एकदाच. मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले.

पट्टा एका हातानं कसा बांधत असेल? दातानं?

मी काही बोलले नाही. बोलले तर बंद करेल. आणि कधीपासून लावतोय, रोज लावतोय की मनात येईल तेव्हा, हेही मला माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, "यंत्र चालू आहे ना?" लाम्ब्रोस म्हणाला, "नाही." मी म्हणाले, "हो." त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि कागदावर काय लिहिलं देव जाणे.

आता अथेन्सला जायचं की नाही, यावर रोज भांडण. मी म्हणते जाऊ. तो म्हणतो, कमरेतून हाड काढणार, तिथे मोडलेलं काही नसताना! मग मी म्हणते, नको जाऊ या. तर म्हणतो, म्हणजे मी असाच लुळा राहू? मी कुठल्या बाजूची ते मलाच उमगेनासं झालंय. शेवटी बोटीची तिकिटं काढली आहेत.

अंगणात तो दगड तसाच आहे, ताडपत्रीखाली. पाद्री विचारून गेला, सासूबाईंना वर काढायची तारीख ईस्टरनंतरचीच ठेवायची का. लाम्ब्रोस म्हणाला, "मला काय विचारता? माझ्या हाताला विचारा."

तुम्ही लिहिलंत, यंत्रानंच तुमचं हाड सांधलं की नुसत्या दिवसांनी, ते तुम्हालाही अजून कळलेलं नाही. हे वाचून मला धीर यायला हवा होता की भीती वाटायला हवी होती? पण हे वाक्य मी लाम्ब्रोसला वाचून दाखवलं. तो कोबी चिरत होता, डाव्या हातानं. म्हणाला, "मग पाठवलं कशाला?" थोड्या वेळानं म्हणाला, "दीड वर्ष म्हणाला का?" मी हो म्हणाले. पुन्हा थोड्या वेळानं, "तो एकटा असतो ना तिथे?" तुमच्या घरात कोण असतं, खरंच, मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं.

आनेझिना


पिर्गोस
२५ एप्रिल २००४

अर्गिरी,

हे अक्षर माझं आहे. उजव्या हाताचं. वाकडं आलंय, कारण अंगठा अजून आखडलेला आहे. तुझं अक्षर पाय मोडायच्या आधीपासून याहून वाकडं होतं, तेव्हा हसू नकोस.

आनेझिना तुला चार-चार पानं लिहिते. मला म्हणते, "जेव." तिनं तुला काय काय कळवलंय ते मी विचारलेलं नाही. ती पेन पुढे करून म्हणाली, "यापुढचं तू लिही, मला आता काही समजत नाही." म्हणून लिहितोय.

आधी हाताचं. मार्चमध्ये अथेन्सला गेलो. उपाशी ठेवलं, कमरेवर खुणा केल्या, आनेझिना बाहेर जपमाळ घेऊन बसली. आत न्यायच्या आधी आणखी एक फोटो काढला. मोठा डॉक्टर तो बघत उभा राहिला. मग दुसऱ्याला बोलावलं. मग जुना फोटो शेजारी लावला. मी उघड्या पाठीचा तो झगा घालून थंडीत कुडकुडतोय आणि हे दोघं कुजबुजतायत. शेवटी म्हणाला, "घरी जा."

"म्हणजे?"

"सांधतंय. एका बाजूनं पूल बांधला गेलाय. आता कापण्यात अर्थ नाही."

"कशानं सांधलं?"

त्यानं खांदे उडवले. मी म्हटलं माझ्याकडे यंत्र आहे. म्हणाला, त्यानंही असेल. मी म्हटलं, मध्ये मी काही दिवस लावलं नव्हतं. म्हणाला, तरीही असेल. एवढं शिकून असं बोलायचं असतं तर मीही डॉक्टर झालो असतो. आनेझिनाला सांगितलं तर ती त्याच्या गळ्यातच पडली. तिथल्या तिथे मला कपडे चढवले आणि रस्त्यावर नेऊन पोटभर मासे खाऊ घातले.

आता दुसरं. फोनवर मी तुला जे बोललो ते बोललो. ते शब्द समुद्रापार गेले, आता मी कुठून परत आणू? पण गावात तुझ्याबद्दल ज्यांच्यासमोर बोललो होतो त्या सगळ्यांना सांगून आलोय. ते म्हणाले, आम्हाला माहीत होतं. गावात गाढव एकटा मीच. नाही, दोन. दुसरा तू. आईला नाही सांगितलंस, ते ठीक. मलाही नाही? मी तुझा कोण होतो? ज्यानं तुला छिन्नी धरायला शिकवली त्याच्यासमोर सबब वाटेल म्हणून गप्प बसलास? सबबच द्यायची होतीस, अर्गिरी. मी तिच्यावर आणखी चार शिव्या दिल्या असत्या आणि मग निघून आलो असतो. तू दीड वर्ष तिथे एकटा भिंतीकडे तोंड करून त्या यंत्राला पाय बांधून बसलास. मी इथे काही महिनेच बसलो, तरी मला वेड लागायची पाळी आली. कोण पट्टा आवळायचं तुझा?

आईच्या तारखेचं पाद्रीला सांगितलंय, घाई नको. उन्हाळा जाऊ दे. तू आलास तर ये. बोटीची शिडी उंच आहे, काठी घेऊनच चढ. लाजायचं काही राहिलेलं नाही. कोस्मासच्या मेव्हणीनं काठीची लांबीसुद्धा कळवली असेल. नाही आलास तरी मी काही म्हणणार नाही. म्हणेनही कदाचित. आत्ताच कसं सांगू?

आता खरं काम. एक विचारायचंय, नीट उत्तर दे.

परवा प्लास्टर कायमचं काढलं. रूसोस म्हणाला, सांधलंय, हळूहळू कामाला लागा. मी कारखान्यात गेलो, दार लावून घेतलं. टाकाऊ दगड घेतला, हलकी हातोडी, लहान छिन्नी. मारली एक. आत कळ गेली, अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत. हातातलं सगळं खाली ठेवलं. घाम फुटला. संध्याकाळी फोन केला तर रूसोस म्हणाला, नवं हाड आहे, दुखणारच, पण फार दुखलं तर थांबा. फार म्हणजे किती? म्हणाला, ते तुम्हालाच कळेल. मला नाही कळत! आनेझिना म्हणते मेणबत्ती लाव. मातिना म्हणते यंत्र पुन्हा लाव. ते आता लागतही नाही. बटण दाबलं की नुसता लाल दिवा दाखवतं. त्याच्या पोटात जेवढं होतं तेवढं आपण दोघांनी संपवलं म्हणे.

सांधलेलं हाड दुखतं ते कसं, आणि पुन्हा तुटायला निघालेलं दुखतं ते कसं? माझ्या ओळखीत हे माहीत असलेला माणूस एकच आहे. तू पहिल्यांदा पायावर भार दिलास तेव्हा तुला कळ आली होती का? आतून की वरून? जाग्यावरच की वर चढत गेली? दुसऱ्या दिवशी कमी झाली की वाढली? भार देत राहिलास की थांबलास? किती थांबलास? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

उत्तर येईपर्यंत मी हातोडी उचलणार नाही.

लाम्ब्रोस